समजावू नका, पट्टा लावा

शमीमबीचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. माणसाची आठवण लिहायला बसलं की लोक साखर पेरत सुटतात. मी नर्स आहे, मला ते जमत नाही. पाच आठवड्यांत ही बाई माझ्या खोलीत अकरा वेळा आली आणि अकराही वेळा तिला दारात बघून मी मनात "आली का बया" असंच म्हटलं. शेवटच्या वेळीसुद्धा म्हटलं. ते पुढं येईलच.

बीडला आमच्या दवाखान्यात पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी माझी खोली आहे. दिवस भरत आलेल्या बाईला पोटातलं बाळ नेहमीपेक्षा कमी हालतंय असं वाटलं की तिला माझ्याकडं धाडतात. पोटावर दोन पट्टे बांधायचे. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा पोट कडक होतंय का ते बघतो. बाईच्या हातात एक बटण द्यायचं. बाळ हाललं की तिनं ते दाबायचं, म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या कागदावर खूण उमटते. हालचालीबरोबर ठोके वाढले की बाळ मजेत. असं वीस मिनिटं, कधी चाळीस. खोलीत खाटा दोन आणि मशीनं दोन, त्यातलं एक कायम दुरुस्तीला गेलेलं. बाहेर बाकावर एका बाईमागं चार माणसं, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच सून पहिली.

त्यातून आमच्याकडची रीत अशी की, मी विचारायचं सुनेला आणि उत्तर द्यायचं सासूनं. "बाळ फिरतंय का गं?" म्हटलं की पोरगी खाली बघणार आणि सासू म्हणणार, "फिरतंय की, चांगलं फिरतंय." जणू बाळ हिच्याच पोटात आहे. कधी हाललं, किती हाललं विचारलं तर, "हाललं असंल की सकाळी." अशा उत्तरांवर मी दिवस काढते. आणि मग शमीमबी आली, जिला सगळंच मोजून माहीत होतं. ते तर आणखी वाईट निघालं.

पस्तिशीची, ठेंगणी, बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. बसस्टँडजवळ नवऱ्याचा, रऊफभाईचा, फळांचा गाडा. त्यावर ही निम्मा दिवस बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा आठवा महिना सरत आलेला. फाइलवर लाल शाईत लिहिलेलं होतं की आधीचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर सहा वर्षांनी हे राहिलेलं. म्हणजे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तिच्या जिवाला कशाचा घोर आहे ते. पण ठाऊक असणं वेगळं आणि ऐन गर्दीत दर तीन दिवसांनी तिच्या पोटावर पट्टा बांधणं वेगळं.

पहिल्या दिवशी कागद छान आला. मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरबाईंनी, तिला सांगितलं, "सगळं चांगलं आहे. दोन तासांत दहादा हाललं पाहिजे. कमी वाटलं की लगेच यायचं, कधीही." हे मॅडम प्रत्येकीलाच सांगतात. आजवर कुणी ते मनावर घेतलेलं मी बघितलं नव्हतं; बायका येतात त्या दोन-दोन दिवस उशिरानं, घरचं आवरून, डबा करून. शमीमबीनं मात्र ते वाक्य घरी नेलं आणि जसंच्या तसं पाळलं. तिसऱ्या दिवशी हजर.

"आठ ते धा, सातच," ती दारातून म्हणाली. "काल ह्याच टायमाला बारा हुते."

मी तिला समजवायला गेले. बाळ पण झोपतं, त्याचीही वेळ असते, आत्ता कुठं साडेदहा वाजलेत, थोडं चाला, पाणी प्या. तिनं शांतपणे पिशवी खाटेखाली ठेवली, घरून आणलेला टॉवेल खाटेवर अंथरला आणि आडवी झाली.

"समजावू नका बाई," म्हणाली, "पट्टा लावा."

हे वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकलं की स्वप्नातसुद्धा यायला लागलं.

तिच्या एकेक खोडी. पट्ट्याखाली पोटाला लावायची जेली गार लागते म्हणून आल्या आल्या जेलीची बाटली उचलून काखेत धरायची आणि आपला नंबर येईपर्यंत शेकत बसायची. बाकीच्या बायकांना जेली मिळेना. मी ओरडले तर म्हणाली, "गार लागल्यावर लेकरू दचकतंय. मंग तुमाला वाटतंय, हाललं. ती काय खुशीची हालचाल हाय का?" खरंही असेल. नसेलही. मी बाटली हिसकावून घेतली. ठोके घुमायला लागले की ती छताकडं बघत ओठ हलवायची. ती दुवा करते आहे असं मला वाटायचं, पण एकदा वाकून ऐकलं तर रऊफभाईला शिव्या देत होती, सकाळी चहा करून दिला नाही म्हणून.

आणि बाकावरच्या बायकांची तर ती न नेमलेली मास्तरीण. कुणाची सासू तिच्यासमोर सुनेच्या वतीनं बोलली की संपलं. "ओ मावशी, तुमाला इचारलं का? तुमच्या पोटात हाय का?" भांडण मिटवायला मी बाहेर. आत मशीन कागद संपला म्हणून टीं टीं करतंय. असे दिवस.

चौथ्या खेपेची गोष्ट. बाळाच्या हालचाली लिहायला आम्ही एक तक्ता देतो, रोज त्यात काड्या मारायच्या. शमीमबीचा तक्ता गाड्यावर ओला होऊन फाटला होता. मग तिनं स्वतःची पद्धत काढली. सीताफळांचे दिवस होते. पाली गावाकडून टोपल्या यायच्या. बाळ हाललं की ही ढिगातलं एक सीताफळ उचलून गाड्याच्या डाव्या कडेला ठेवायची. दोन तासांत कडेला दहा झाली की पुन्हा ढिगात. हिशेब चोख. त्या दिवशी दोन तास भरले आणि कडेला सहाच. ही गाडा सोडून, रिक्षा करून, धापा टाकत माझ्यासमोर.

पट्टा लावला. बाळ आत धुमाकूळ घालत होतं. बटण दाबून दाबून तिचा अंगठा दुखला असेल. मी कागद फाडतच होते तेवढ्यात रऊफभाई जिना चढून आला, घामाघूम, टोपी हातात.

"सिस्टर," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "चार मी इकले."

"काय चार?"

"सीताफळं. एक गिऱ्हाईक आलं, आज खायला पिकलेली द्या म्हनलं. कडंची पिकलेली हुती, दिली."

शमीमबी पट्ट्यासकट उठून बसली. "चार बेच डाले तुम? मेरे बच्चे का हिसाब बेच डाले?"

"मेरेकू क्या मालूम, वो हिसाब था करके!"

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. पण मनातून चिडलेलीच होते. माझी चाळीस मिनिटं गेली होती. मी तिला बजावलं की फळांवर मोजू नका, बोटांवर मोजा. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती कच्ची सीताफळं कडेला ठेवायला लागली, कारण कच्चं कुणी विकत घेत नाही. हे मला रऊफभाईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं.

सहाव्या का सातव्या खेपेला नांदूरघाटची एक पोरगी आली होती. विशीसुद्धा नसेल. पहिलटकरीण, सोबत सासू. पोरीला पट्टा बांधला, बटण हातात दिलं आणि मी दुसऱ्या कामाला लागले. शमीमबी शेजारच्या खाटेवर आपल्या नंबराची वाट बघत पडलेली, काखेत जेली. मी मधूनच येऊन कागदाकडं नजर टाकली. भराभर खुणा पडलेल्या. बाळ चांगलं हालतंय, असं मी वहीत लिहायला घेतलं.

"बाई," शमीमबी म्हणाली.

"तुमचा नंबर येतोय. गप पडा."

"माझं न्हाई वं. बटन ती पोरगी दाबंना गेलीय. तिची सासू दाबायलीय."

मी वळून बघितलं. पोरगी गाढ झोपली होती. बटण सासूच्या हातात, लुगड्याच्या पदराखाली. सासू अजिबात खजील झाली नाही. "तिला झोप लागली म्हनून म्या दाबीत हुते," म्हणाली. "लवकर पास व्हावं म्हनून. आमाला दिंद्रुडला पावन्याकडं जायचंय."

पास! तिला वाटलं होतं बटण दाबलं की परीक्षा सुटते. मी कागद नीट बघितला. खुणाच खुणा, पण त्यांच्या खालची ठोक्यांची रेघ त्यांना जुळतच नव्हती. माझी मलाच लाज वाटली आणि ती लाज मी सासूवर काढली. तिला बाहेर बसवलं, पोरीला उठवलं, थोडं खायला दिलं, कूस बदलायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून मशीन लावलं. अर्ध्या तासानं बाळ हाललं आणि ठोकेही वर गेले. सगळं ठीक होतं. पण नसतं तर मी वहीत 'चांगलं हालतंय' लिहून सही केली असती.

दुसऱ्या एखाद्या बाईनं शमीमबीचे आभार मानले असते. मी तिला म्हटलं, "तुम्ही जरा दुसऱ्यांच्या खाटेत डोकावणं कमी करा."

ती म्हणाली, "बरं."

आठव्या खेपेला तिला पट्टा लावला आणि लाइट गेली. इन्व्हर्टर आधीच मान टाकून बसलेला. मशीन बंद. दुपारची वेळ, खोली तापलेली. मी तिच्या खाटेच्या कडेला बसून फाइलनं वारा घेत होते. बोलायचं म्हणून विचारलं, "शमीमबी, तुम्हाला कुणी काही सांगितलं की इतका राग कावून येतो हो?"

ती छताकडं बघतच म्हणाली, "आदीच्या खेपंला मी दोन दिस गप बसले. तिसऱ्या दिशी गेलते दवाखान्यात. आत घेतलंच न्हाई. दारातच एक बाई म्हनल्या, नववा महिना हाय, आत लेकराला जागा ऱ्हात न्हाई, म्हनून कमी हालतंय. घरी जा, गोड खा, डाव्या कुशीवर झोप. मला लई बरं वाटलं बगा ते ऐकून. घरी आले, शिरा केला, खाल्ला, डाव्या कुशीवर झोपले. लई दिसांनी अशी झोप लागली. उठले तर आत कायच न्हाई."

मी विचारलं, "कोणता दवाखाना?"

"ऱ्हाऊ द्या. भली बाई हुती ती बी. लई मायेनं समजावलं तिनं."

लाइट आली, मशीन सुरू झालं, ठोके पुन्हा घुमायला लागले. मी कागद सरळ करत उभी राहिले. गोड खा, डाव्या कुशीवर झोप. ही वाक्यं मी किती बायकांना सांगितली असतील, दारातूनच, दुसऱ्या कुणाचं काम करता करता! तेव्हाही मी इथंच होते. जुनी रजिस्टरं खालच्या खोलीत माळ्यावर पडलेली असतात. काढून बघता आलं असतं. मी बघितलं नाही. तिनं मला ओळखलं होतं का, हे विचारायचीही हिंमत झाली नाही.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसानंतर मी तिच्याशी नीट वागायला लागले. लागले, दोन दिवस. मग पुन्हा गर्दी, पुन्हा संपलेला कागद, पुन्हा काखेतली जेली. नवव्या आणि दहाव्या खेपेचे कागद इतके सुरेख आले की मॅडमसुद्धा हसून म्हणाल्या, "शमीमबी, हे बाळ तुमच्यापेक्षा खमकं आहे." ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात बाळंत करायचं असं मॅडमनी ठरवून टाकलं होतं. तेवढेच दिवस काढायचे होते. तिला आणि मलाही.

अकरावी खेप सोमवारची. सोमवार हा तपासणीचा दिवस, रांग जिन्याच्या खालपर्यंत. अकराच्या सुमाराला ती दारात दिसली. परवाच तर कागद काढला होता. मी मनात म्हणायचं ते म्हटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शमीमबी, आज नंबरानं बसा हं. मध्ये घुसायचं नाही."

ती बाकावर जाऊन बसली.

मला फार बरं वाटलं. एक बाई झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. भांडण नाही, जेलीची बाटली जागेवर. असा सोमवार कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. चौथीला आत घेतलं, विचारलं, बाळ फिरतंय का गं, आणि तिच्या सासूनं दारातून उत्तर दिलं, "फिरतंय की." मी सवयीनं थांबले. आता बाकावरून आवाज येणार, ओ मावशी, तुमाला इचारलं का. आवाज आला नाही.

मी बाहेर आले. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही तळहात पोटावर उघडे ठेवून. शेजारची बाई तिच्याशी काही बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"किती झाले आज?" मी विचारलं.

"येक बी न्हाई बाई. फजरच्या नमाजापासून वाट बगायलेय."

"अहो मग आल्या आल्या बोलायचं की!"

"तुमी म्हनलात नंबरानं बसा." मग खाली बघून म्हणाली, "आन् मला बी आज पट्ट्याचं भ्या वाटलं."

चौथ्या बाईला मी खाटेवरून उतरवलं. शमीमबीला झोपवलं, जेली लावली, गारच लावली. ठोके सापडेनात. ती माझ्या हाताकडंच बघत होती. मग खाली डावीकडं सापडले. ठोके होते. पण रेघ सपाट, कुठं चढ नाही उतार नाही, आणि मग एकदा खाली गेली ती सावकाश वर आली. मी मॅडमना हाक मारली. मॅडमनी कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्याच ऑपरेशन थिएटरला फोन लावला.

पुढचं मी बघितलं नाही. माझ्या खोलीतून थिएटर दिसत नाही, आणि खाटेवरून उतरवलेली बाई तशीच उभी होती. तिला पट्टा बांधला. तिच्या बाळाचे ठोके चांगले होते, तिची सासू म्हणत होती तसंच. रऊफभाई जिन्यात बसला होता. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा देऊन आला होता आणि बोटाची शाई सदऱ्याला पुसत होता. जाता येता मला विचारायचा, "सिस्टर, आवाज आला का?" रडण्याचा आवाज म्हणायचं होतं त्याला. मी म्हणायचे, "येईल." तासाभरानं आमची आया वर आली. मुलगी झाली होती. बाहेर आली तेव्हा निपचित होती, रडायला वेळ लागला, पण रडली. वजन कमी, काचेच्या पेटीत ठेवली होती. आतली वार पुरती वाळून गेली होती, बाळाला काही पोचतच नव्हतं.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "नशीब, वेळेवर आली. आणखी तासभर कुठं बसून राहिली असती तर कठीण होतं."

मी म्हटलं, "हो."

ती माझ्या दारात तासाभराहून जास्त बसून होती, हे मी मॅडमना तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही. इथं लिहिलं, तेवढंच.

पाचव्या दिवशी दुपारी मी तिला बघायला वॉर्डात गेले. सकाळीच पोर पेटीतून काढून आईजवळ दिलं होतं. काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवत होते आणि एकही वाक्य धड जमत नव्हतं. वॉर्डाच्या दारातूनच रडणं ऐकू आलं. केवढंसं ते पोर, पण घसा असा की सगळ्या खाटांवरच्या बायका कानावर हात ठेवून बसलेल्या. रऊफभाई त्याला दोन्ही हातांवर धरून खाटेभोवती फिरत होता, काहीबाही गुणगुणत होता, आणि घाबराघुबरा झाला होता. खाटेवर शमीमबी तोंड उघडं टाकून घोरत होती. एक हात खाटेवरून खाली लोंबत होता.

"सिस्टर, बरं झालं आलात," तो म्हणाला. "अर्धा घंटा झाला, थांबंनाच गेलंय. आन् ही उठंना. इतक्या आवाजात कुनाला झोप लागती का? हलवू का हिला?"

"नका हलवू," मी म्हटलं. "तिला ऐकू येतंय ते. म्हणूनच झोपलीय."